पेटीच्या ऑर्डरचा फ्लोचार्ट: ‘नाही’चा बाण कुठे जातो ते आधी ठरवा

थेट ग्राहकाला हापूस पाठवणाऱ्या शेडमध्ये भिंतीवर लावलेला फ्लोचार्ट बहुतेक वेळा असा असतो: ऑर्डर आली, पैसे आले, आंबा भरला, पेटी गेली. चार चौकटी, तीन बाण. एवढे तर नव्या गड्यालाही न सांगता कळते. त्याचे अडते ते दुसरीकडे. पैसे आले नसतील तर पेटी भरायची का? दोन डझनांत तीन फळे कमी पडली तर लहान फळ घातलेले चालेल का? टेम्पो निघून गेला तर पेटी कुठे ठेवायची आणि कोणाला सांगायचे? एप्रिलच्या मध्यावर, शेड मालाने भरलेली असताना, हे विचारायला आणि सांगायला कोणालाच सवड नसते. चार्ट हवा असतो तो त्या वेळी, आणि नेमकी त्याच वेळची माहिती त्यात नसते.

खालचे उदाहरण देवगड-रत्नागिरीकडच्या हापूसच्या ऑर्डरचे आहे. काजूचा कारखाना, मालवणातला होमस्टे किंवा कोकमाचा घरगुती उद्योग असला तरी क्रम हाच ठेवा.

तयारी: संगणक बंद ठेवा

साधारण एक मीटर रुंद आणि दीड मीटर लांब खाकी कागद भिंतीला लावा. तीन इंची चिकट चिठ्ठ्या दोन रंगांच्या घ्या, पिवळ्या कामासाठी आणि गुलाबी प्रश्नासाठी. एक जाड मार्कर आणि बाणांसाठी पेन्सिल लागेल. बाण पेनाने काढू नका, पहिल्या बैठकीत निम्मे बाण खोडावे लागतात.

संगणक आधी उघडला की चौकटी सरळ रेषेत बसवण्यात तास जातो. नीटनेटके दिसायला लागलेले चित्र मग कोणी मोडत नाही, चुकीचे असले तरी. चिठ्ठी उचलून दुसरीकडे लावायला कोणाचा जीव जड होत नाही.

गेल्या हंगामाची ऑर्डरची वही काढा आणि त्यातल्या दहा ऑर्डरी निवडा: सहा सुरळीत गेलेल्या आणि चार बिघडलेल्या. उशिरा पोचलेली, रद्द झालेली, पैसे परत द्यावे लागलेली, चुकीच्या वजनाचा माल गेलेली, अशा. या चार ऑर्डरींवर पुढचे बरेच काम उभे राहणार आहे.

बैठकीला कामाला हात लावणारा प्रत्येक जण हवा. फोन घेणारी व्यक्ती, तोडणीचा मुकादम, शेडमध्ये निवड आणि भरणी करणारे, पेट्या पोचवणारा टेम्पोवाला. मालक एकटा बसून काढतो तो चार्ट मालकाच्या कल्पनेचा असतो. फेब्रुवारीत दोन तास काढा. तोडणीला जोर आला की ही माणसे एकत्र बसत नाहीत.

टप्पा १: एकच प्रक्रिया, दोन टोके

‘आंब्याचा धंदा’ ही प्रक्रिया नव्हे. ‘ग्राहकाचा ऑर्डरचा मेसेज आल्यापासून पेटी मिळाल्याचा निरोप येईपर्यंत’ ही प्रक्रिया आहे. हे वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहा. सुरुवात एखाद्या घटनेने व्हायला हवी, जी घडली की नाही यावर दोघांचे दुमत होणार नाही. ‘हंगाम सुरू झाला’ ही सुरुवात चालणार नाही, ‘मेसेज आला’ चालेल.

शेवट मात्र एकाहून जास्त असू शकतात, नव्हे असतातच. पेटी मिळाली हा एक. ऑर्डर घेतली नाही हा दुसरा. पैसे न आल्याने रद्द झाली हा तिसरा, पैसे परत केले हा चौथा. हे सगळे आत्ताच कागदाच्या तळाशी लिहून ठेवा. पुढे कुठलाही बाण यांपैकी एका शेवटाला पोचलाच पाहिजे.

तोडणी, आढी लावणे (फळे पेंढ्यात पिकायला ठेवणे), तक्रार निवारण हे या चार्टमध्ये कोंबू नका. त्यांचे वेगळे चार्ट करा आणि इथे फक्त त्यांचे नाव लिहिलेली चौकट ठेवा.

टप्पा २: ‘कसे करता?’ विचारू नका

‘तुम्ही पेटी कशी पाठवता?’ असे विचारले की माणूस जसे व्हायला हवे तसे सांगतो. वही उघडून एका ऑर्डरवर बोट ठेवा आणि विचारा, ‘ही पेटी कशी गेली ते सांगा.’ मग खरे बाहेर येते. मेसेज सकाळी आला पण रात्री पाहिला, पत्ता अर्धवट होता, दोनदा फोन करावा लागला. हे दोन फोन ही कामेच आहेत, त्यांच्याही चिठ्ठ्या करा.

आधी आजची पद्धत जशीच्या तशी मांडा. सुधारणा सुचली तर कागदाच्या कडेला टिपून ठेवा. आजचे आणि उद्याचे एकाच चित्रात मिसळले की गड्याला कळत नाही की यातले काय करायचे आणि काय मालकाच्या मनातले आहे.

टप्पा ३: एक चिठ्ठी, एक काम, एक माणूस

पिवळ्या चिठ्ठीवर क्रियापद हवेच. ‘पॅकिंग’ लिहिले तर कोणी काय करायचे ते कळत नाही. ‘ऑर्डरच्या चिठ्ठीप्रमाणे फळे मोजून पेटीत भरा’ हे कळते. सहा-सात शब्दांपेक्षा लांब वाक्य झाले तर त्यात बहुधा दोन कामे आहेत, चिठ्ठी फाडून दोन करा. ‘आणि’ हा शब्द दिसला की थांबून पाहा: दोन्ही कामे तोच माणूस, तिथेच, लगेच करतो का? करत असेल तर राहू द्या. मध्ये माणूस बदलत असेल किंवा थांबावे लागत असेल तर वेगळी करा.

चिठ्ठीच्या कोपऱ्यात करणाऱ्याचे पद लिहा: फोन, शेड, वाहतूक. माणसाचे नाव नको. यंदाचा गडी पुढच्या वर्षी येईलच असे नाही.

तपासा: ‘आंबा पाठवला जातो’, ‘ग्राहकाला कळवले जाते’ अशा चिठ्ठ्या शोधा. कर्ता दडवलेली वाक्ये आहेत ही. ‘कोण?’ विचारा आणि पुन्हा लिहा.

टप्पा ४: गुलाबी चिठ्ठ्या

निम्म्याहून जास्त वेळ इथे घालवा. चार्ट चांगला की वाईट ते इथेच ठरते.

प्रत्येक गुलाबी चिठ्ठीवर असा प्रश्न हवा की चिठ्ठीसमोर उभा असलेला माणूस त्याच जागी, डोळ्यांनी पाहून, हो किंवा नाही म्हणू शकेल. ‘फळ चांगले आहे का?’ हा प्रश्न या कसोटीला उतरत नाही. चांगले म्हणजे काय हे मुकादमाचे वेगळे आणि काल आलेल्या मुलाचे वेगळे. तो प्रश्न फोडा:

- देठ शाबूत आहे का?
- सालीवर चिकाचा डाग किंवा खरचट आहे का?
- वजन ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या गटात बसते का?

वजनाचा गट आकड्यात लिहा. ‘मोठे’ लिहू नका, ‘२५० ते ३०० ग्रॅम’ लिहा, आणि काटा त्याच टेबलावर ठेवा. काटा दुसऱ्या खोलीत असेल तर या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने दिले जाईल, चार्टमध्ये काही लिहिलेले असो.

आता साक्याचे पाहा. साका म्हणजे गरात झालेला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग. हापूसमधला साका बाहेरून ओळखू येत नाही, फळ कापल्यावरच कळतो. म्हणून ‘साका आहे का?’ हा प्रश्न भरणीच्या जागी ठेवणे चूक आहे. तिथल्या माणसाकडे त्याचे उत्तर नाही. तो प्रश्न ग्राहकाने फळ कापल्यानंतरचा, म्हणजे तक्रारीच्या चार्टमधला. प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून तो कुठेही घुसवता येत नाही, जिथे उत्तर दिसते तिथेच तो बसतो.

पैशांचेही तसेच. ‘ग्राहकाने पैसे भरले का?’ असे लिहिले की फोन घेणारी व्यक्ती ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट पाहून ‘हो’ म्हणते. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. प्रश्न असा लिहा: ‘आपल्या बँक खात्यात रक्कम जमा दिसते का?’ शब्द बदलले की पाहायची जागा बदलते.

प्रत्येक प्रश्नातून निदान दोन बाण बाहेर पडले पाहिजेत आणि दोन्हींवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलेले असले पाहिजे. आता ‘नाही’चा प्रत्येक बाण बोटाने धरा आणि पुढे चाला. तो तीनच ठिकाणी जाऊ शकतो: वेगळ्या कामाकडे, मागच्या एखाद्या पायरीकडे किंवा शेवटाकडे. अधांतरी सोडलेला ‘नाही’ म्हणजे हंगामात आलेला फोन, ‘आता काय करू?’

मागे जाणाऱ्या बाणाला मुदत किंवा मोजणी द्या. ‘पैसे आले नाहीत, आठवण करा, पुन्हा पाहा’ हे चक्र मुदत नसेल तर मे महिना संपेपर्यंत फिरत राहील. ‘एकदाच आठवण करा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत रक्कम नसेल तर ऑर्डर रद्द’ असे लिहिले की चक्राला दार मिळते. माल कमी पडून तारीख पुढे ढकलायची असेल तर किती वेळा ढकलायची तेही ठरवा. दुसऱ्यांदा ढकलायची वेळ आली तर पैसे परत, असा नियम ठेवला तर तो बाणावरच लिहा.

सावधान: वहीतल्या त्या चार बिघडलेल्या ऑर्डरींपैकी एका जरी ऑर्डरीला तिची गुलाबी चिठ्ठी सापडत नसेल तर चार्ट अपुरा आहे. पुढे जाऊ नका.

टप्पा ५: क्रम आणि थांबे

चिठ्ठ्या वरून खाली लावा. जागा ठरवताना एकच विचारा: हे करायला आधी काय हातात लागते? पेटीवर लेबल लावायला पूर्ण पत्ता आणि पिनकोड लागतो, म्हणून पत्ता पहिल्याच कामात घेतला पाहिजे. तो टेम्पो उभा असताना विचारायचा नसतो.

थांबण्याची वेळ बाणाशेजारी लिहा. इथे हापूसचे स्वतःचे वेळापत्रक मध्ये येते. झाडावरून चौदा आणे तयार (पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी) उतरवलेले फळ पिकायला साधारण ८ ते १२ दिवस घेते. ग्राहकाला फळ कच्चे हवे की आढीतून काढलेले, यावर पाठवण्याचा दिवस ठरतो. म्हणून ‘फळ कोणत्या अवस्थेत हवे?’ हा प्रश्न ऑर्डर घेतानाच विचारा. तो विसरला तर ग्राहकाला वाढदिवसाच्या दिवशी हिरवीगार पेटी मिळते आणि चूक कोणाचीच सापडत नाही.

दोन कामे एकाच वेळी चालत असतील, समजा इकडे लेबल छापणे आणि तिकडे फळे निवडणे, तर ती एकाखाली एक लावू नका. शेजारी लावा आणि दोन्ही पूर्ण झाल्यावरच पुढे जायचे असेल तिथे ‘दोन्ही झाल्यावर’ असे लिहा.

टप्पा ६: पट्टे पाडा

कागदावर उभे चार पट्टे आखा: ग्राहक, फोन-हिशेब, शेड, वाहतूक. प्रत्येक चिठ्ठी करणाऱ्याच्या पट्ट्यात सरकवा. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणारा प्रत्येक बाण म्हणजे काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती जागा, आणि गोंधळ होतो तो याच जागांवर. त्या प्रत्येक बाणावर काय दिले जाते ते लिहा: ऑर्डरची चिठ्ठी, भरलेली पेटी, वाहतुकीची पावती. नुसते तोंडी सांगितले जात असेल तर ‘तोंडी’ लिहा. किती ठिकाणी ‘तोंडी’ आले ते पाहिले की सुधारणा कुठे करायची ते कोणी सांगावे लागत नाही.

इथपर्यंत आल्यावर आपल्या उदाहरणाचा गाभा असा दिसतो:

१. ग्राहक: ऑर्डरचा मेसेज पाठवतो. (सुरुवात)
२. फोन: नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, डझन, वजनाचा गट, कच्चे की पिकलेले हे वहीत लिहा.
३. फोन: पिनकोड आपल्या पोहोच-यादीत आहे का? नाही: नकार कळवा, शेवट अ. हो: ४ कडे.
४. फोन: रक्कम आणि पाठवण्याची तारीख कळवा.
५. फोन: खात्यात रक्कम जमा दिसते का? नाही: एकदा आठवण करा, मुदत संपल्यावर रद्द, शेवट ब. हो: ६ कडे.
६. फोन: ऑर्डरची चिठ्ठी शेडमध्ये द्या.
७. शेड: चिठ्ठीतल्या गटाची फळे पुरेशी आहेत का? नाही: फोनला कळवा, ८ कडे. हो: ९ कडे.
८. फोन: नवी तारीख ग्राहकाला चालेल का? नाही: पैसे परत करा, शेवट क. हो: तारीख चिठ्ठीवर बदला, त्या दिवशी ७ कडे. हे एकदाच.
९. शेड: पेंढा अंथरून फळे मोजून भरा.
१०. शेड: दुसऱ्या माणसाने मोजलेली संख्या चिठ्ठीशी जुळते का? नाही: ९ कडे. हो: पेटी बंद करून लेबल लावा.
११. वाहतूक: पेटी घ्या, पावती द्या.
१२. फोन: पावतीचा क्रमांक ग्राहकाला पाठवा.
१३. फोन: ठरलेल्या दिवशी पेटी मिळाली का? नाही: ‘हरवलेली पेटी’ चार्टकडे. हो: शेवट ड.

दहाव्या पायरीत ‘दुसऱ्या माणसाने’ हे शब्द मुद्दाम आहेत. भरणाऱ्यानेच मोजले तर तो आपला आकडा पुन्हा बरोबरच मोजतो.

टप्पा ७: आकार

फ्लोचार्टच्या आकारांचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५८०७ हे १९८५ सालचे आहे आणि त्यात बरेच आकार आहेत. शेडच्या चार्टला चार पुरतात. सुरुवात-शेवटाला लंबगोल, कामाला आयत, प्रश्नाला डायमंड (टोकावर उभा चौकोन), आणि दुसऱ्या कागदावर जायचे असेल तिथे अक्षर लिहिलेले छोटे वर्तुळ. पाचवा घ्यायचाच तर खालची कड लाटेसारखी असलेला कागदपत्राचा आकार घ्या, पावतीसाठी.

रंगावर अर्थ टाकू नका. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तो जातो, आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसेही असतात.

टप्पा ८: आता संगणक

ड्रॉ.आयओ फुकट आहे आणि त्याची डेस्कटॉप आवृत्ती इंटरनेटशिवाय चालते. लिब्रेऑफिस ड्रॉ हेही फुकट. वर्डमध्येही काढता येते, पण पंधरा चौकटींनंतर ते हाताबाहेर जाते.

ए३ कागद उभा ठेवा, म्हणजे २९७ बाय ४२० मि.मी. दोन्ही कडांना सुमारे १५ मि.मी. सोडून प्रत्येकी ६५ मि.मी.चे चार पट्टे बसतात. आयत ५० बाय २० मि.मी., डायमंड ५० बाय ३०, दोन आकारांमध्ये उभे अंतर १२ मि.मी. या मापाने माथा सोडून वरून खाली नऊ-दहा ओळी बसतात. वरच्या तेरा पायऱ्यांतल्या जवळच्या पायऱ्या वेगवेगळ्या पट्ट्यांत शेजारी येतात, त्यामुळे एका पानात मावतात. मावत नसेल तर अक्षर बारीक करू नका, प्रक्रिया दोन चार्टमध्ये तोडा. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, चार्ट दोन पावले लांबून वाचायचा असेल तर १८.

बाणांचे नियम एकदा ठरवा आणि मोडू नका. आत येणारा बाण वरून, ‘हो’ नेहमी खाली, ‘नाही’ नेहमी उजवीकडे, मागे जाणारे बाण डाव्या कडेने. एक बाण दुसऱ्याला छेदत असेल तर आधी चौकट हलवून पाहा, नाहीच जमले तर वर्तुळाचा आकार वापरा.

तपासा: प्रत्येक चौकट थोडी सरकवा. बाण तिच्याबरोबर आला तर तो चिकटलेला आहे. जागीच राहिला तर पुढच्या दुरुस्तीत तो लोंबकळणार.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी वापरा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडते. तयार चार्ट पीडीएफ करा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षर फुटते.

टप्पा ९: चाचणी

आधी वहीतल्या त्या दहाही ऑर्डरी चार्टवरून बोटाने चालवा. एखादी ऑर्डर मध्येच अडकली तर तिथे प्रश्न किंवा बाण कमी आहे.

मग चार्ट अशा माणसाच्या हातात द्या ज्याने हे काम कधी केलेले नाही. त्याला तीन प्रसंग सांगा: फळे दोन डझनांना तीन कमी आहेत, खात्यात निम्मीच रक्कम आली आहे, टेम्पो निघून गेला आहे. आणि गप्प बसा. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न चार्टमधली त्रुटी आहे. समजावून सांगण्याचा मोह इथे आवरायला हवा, कारण हंगामात समजावणारा तिथे नसतो. वरच्या तेरा पायऱ्यांत निम्म्या रकमेचा आणि सुटलेल्या टेम्पोचा मार्ग नाही. तुमच्या शेडचा नियम ठरवून ते दोन प्रश्न आत बसवा: पाचव्या पायरीत ‘पूर्ण रक्कम’ हा शब्द आणि अकराव्याआधी ‘टेम्पो आला आहे का?’ हा प्रश्न.

टप्पा १०: भिंतीवर

इंकजेटच्या प्रिंटची शाई दमट हवेत आणि ओल्या हाताने पसरते. लेझर प्रिंट घ्या आणि लॅमिनेट करा, कडेला ५ मि.मी. प्लॅस्टिक सोडून. काठोकाठ कापले तर कोकणातली हवा कडेतून आत शिरते आणि कागद फुगतो. भरणीच्या टेबलासमोर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. ऑफिसात लावलेला चार्ट ऑफिसातच राहतो.

खालच्या कोपऱ्यात तीन गोष्टी असू द्या: आवृत्तीचा क्रमांक, तारीख, आणि बदल कोणाला सांगायचा त्याचे पद. शेजारी दोरीला मार्कर बांधून ठेवा. हंगामात कोणी अडले की त्याने त्या जागी प्लॅस्टिकवर फुली मारायची, एवढेच. फुल्या पडतील त्या दिवशीच चार्ट बदलायला धावू नका. पैशांचा किंवा चुकीचा माल जाण्याचा प्रश्न असेल तर त्याच संध्याकाळी नवी आवृत्ती लावा आणि जुनी काढून फाडा, नाहीतर शेडमध्ये दोन नियम चालू राहतात. बाकीच्या फुल्यांचा जूनमध्ये फोटो काढा, लॅमिनेट पुसा आणि सगळे बदल मूळ फाइलमध्ये एकदम करा.